राक्षसाला पाणी

सर, तुमची मराठी टायपिंगची मशीन काल माझ्या गॅरेजात येऊन पोचली. ताईंनी यवतमाळहून ओळखीच्या एका टेम्पोत टाकून दिली. त्या आता नागपूरला मुलाकडे राहायला चालल्या आहेत, तिथला फ्लॅट लहान, म्हणून फोनवर म्हणाल्या, "बाबांची मशीन भंगारात द्यायला मन होत नाही रे. तुझ्याकडे जागा आहे, आणि तुला लोखंडाची सवय आहे." मी म्हणालो, द्या पाठवून, ताई. टेम्पोवाल्याने ती खाली ठेवताना जराशी आपटली आणि आतून घंटी वाजली. ओळ संपत आली की वाजायची ना, ती. दोन ट्रकची इंजिनं चालू होती, पलीकडे घणाचे घाव पडत होते, तरी ती एवढीशी 'टिंग' मला ऐकू आली आणि माझा डावा हात आपोआप वर गेला, ओळ परत सरकवायला. हाताला ग्रीस होतं. हात तसाच हवेत राहिला. माझी माणसं हसली. म्हणाली, सेठ कोणाले टाटा करून राह्यले?

मशीनसोबत सुतळीने बांधलेली एक फाइल होती. आत काय असणार ते मला न सोडताच कळलं, कारण पुठ्ठ्यावर तुमच्या अक्षरात एकच शब्द होता, 'रविवार'.

तुम्ही गेलात तेव्हा माझी नुसती टपरी होती. नटबोल्टचे चार पाने, एक जॅक आणि उधारीवर आणलेला एक बाक. आता पांढरकवड्याला हायवेच्या अंगाला मोठं गॅरेज आहे, बारा माणसं आहेत, राजूरकडून कोळसा घेऊन येणारे ड्रायव्हर वाट वाकडी करून माझ्याकडे येतात. बढाई मारत नाही, तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं म्हणून सांगतो. ते येतात ते माझ्या कानांसाठी. बॉनेट उघडायच्या आधी मी सांगतो की तिसरा नोझल थुंकतोय, किंवा टायमिंग सरकलंय. एक सरदारजी ड्रायव्हर दर खेपेला विचारतो, "सेठ, ये कान कहाँ से लाये?" मी म्हणतो, मराठी थर्टीच्या टायपिंग क्लासमधून. त्याला तो विनोद वाटतो.

तुम्हाला तो विनोद वाटला नसता. एस.टी. स्टँडसमोर खतांच्या दुकानावरचा तो तुमचा क्लास, पत्र्याचा जिना, नऊ मशीन. तुम्ही पार्टिशनच्या पलीकडे बसलेले असायचे आणि तिथूनच ओरडायचे, "चार नंबर, तुझी करंगळी लंगडतेय! बोटांकडे पाहू नकोस, कानांनी टाइप कर." चार नंबर म्हणजे मी. त्या वर्षांत तुमच्याकडे पोरांची रांग लागलेली असायची, आठवतं? समोरच्या गल्लीत कॉम्प्युटरची पाटी लागली होती, तुमचा धंदा मरणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तरी नऊच्या नऊ मशीन सकाळपासून खडखडत होत्या. बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली, उरलेल्या कापसाला भाव नाही, खरेदी केंद्रासमोर बैलगाड्या दोन-दोन दिवस उभ्या, म्हणून ज्याला त्याला वाटायचं की घरातलं एक पोरगं तरी टायपिंगला बसवावं, कुठेतरी क्लर्क होईल. मीही त्यातलाच, बावीस वर्षांचा घोडा. फरक एवढाच की आमच्या घरी कापूस पिकत नव्हता. माझे बाबा तो गावोगाव फिरून विकत घ्यायचे.

रविवारचा तो खेळ आमच्याकडे आला तो उताऱ्याच्या रूपाने. स्पीडच्या सरावाला तुम्ही सरकारी परिपत्रकं द्यायचे. एका सोमवारी 'विषयांकित प्रकरणी' च्या जागी आलं, 'गुहेच्या तोंडाशी पोचल्यावर प्रत्येक खेळाडूने आपापला फासा टाकावा.' आम्ही मुकाट्याने टाइप करत होतो, कारण टाइप करताना वाचायचं नसतं ही तुमचीच शिकवण. दोन नंबरवर तहसीलमधल्या मोठ्या बाबूंची मुलगी बसायची, जिभेने फार तिखट. तिने हात वर केला. "सर, या गुहेचा जावक क्रमांक काय टाकू?" तुम्ही पार्टिशनच्या पलीकडून बाहेर आलात, चष्मा कपाळावर, आणि पोरासारखे लाजलात. मग कळलं. तुमचे धाकटे भाऊ बोटीवर नोकरीला, सुट्टीत येऊन एक खोकं ठेवून गेले होते. त्यात एक पातळ इंग्रजी पुस्तक आणि पिवळ्या प्लास्टिकचा वीस तोंडांचा फासा. तुम्हाला ते पुस्तक इतकं आवडलं की रोज एक पान मराठीत करायला घेतलंत, आणि केलंच आहे तर पोरांच्या बोटांखालून जाऊ द्या, असा तुमचा काटकसरी विचार. "खेळायचं असेल तर रविवारी दुपारी या," तुम्ही म्हणालात. "क्लास बंद असतो. चहा मी देईन."

आम्ही तिघं आलो. ती मुलगी, मी, आणि सात नंबरवरचा एक जण, पांढरकवड्यापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावचा. त्यांची कापूस आणि तुरीची बरीच शेती होती, बोलणं आडमुठं आणि मन लोण्याचं. नावं लिहीत नाही, सर. तुम्हीही आम्हाला कधी नावाने हाक मारली नाहीत. आधी मशीनचा नंबर होता आणि त्या रविवारपासून पात्र झालं.

खेळ साधा होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने कोणीतरी व्हायचं, आणि तुम्ही सांगायचं की समोर नदी आहे, पलीकडे धूर दिसतोय, आता काय करता? आम्ही तोंडाने सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासा सांगणार. जगलो-वाचलो तर पात्राची पातळी चढत जायची. पुस्तकात चार वर्ग होते: वीर, मांत्रिक, साधू, चोर. सात नंबरने तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत वीर घेतला. मुलीने मांत्रिक घेतला, म्हणाली, "मारामारी करून साडी फाटेल माझी." राहिले साधू आणि चोर. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तेवढ्यात वीर म्हणाला, "याले चोरच द्या ना सर. घरचाच धंदा हाये."

खाली खताच्या दुकानात कोणीतरी पोतं टाकलं, तेवढाच आवाज. त्याने काय म्हटलं ते सगळ्यांना समजलं होतं. माझ्या बाबांचा काटा मारतो, हे आजूबाजूच्या पंचवीस गावांत बोललं जायचं. बाबा म्हणजे मॅटाडोर, लटकता ताणकाटा आणि खिशात पोरांसाठी गोळ्या. माणूस हसरा, घरोघरच्या म्हाताऱ्यांची चौकशी करणारा. खरेदी केंद्राबाहेर दोन दिवस बैल उपाशी ठेवण्यापेक्षा दारात आलेल्या मॅटाडोरला कापूस दिलेला काय वाईट, असं म्हणून लोक द्यायचे, आणि गाडी वळणाआड गेली की शिव्याही द्यायचे. तो काटा खरंच मारतो का, हे गावातल्या कोणालाही नक्की माहीत नव्हतं. मला माहीत होतं. गाठोडं अडकवताना बाबा अंगठ्याने वरची एक लहानशी कडी सरकवायचे, आणि ती बसताना 'टिक्' असा आवाज यायचा, पाल चुकचुकते त्याहून हलका. मी आठ वर्षांचा असल्यापासून तो ऐकत होतो. कडी सरकताना बाबा नेमकं कोणाच्या तरी पोरीच्या लग्नाचं विचारायचे.

"मले चोर नको," मी म्हणालो. "मले राक्षस करा."

"राक्षस पात्र नसते बे," वीर म्हणाला. "त्याले आपन मारत असतो."

तुम्ही पुस्तक चाळलंत. म्हणालात, "शेवटी चार ओळी आहेत. एखाद्याला राक्षसच व्हायचं असेल तर मनाई नाही, पण सुरुवात लहान हवी. बाकी काही सांगितलेलं नाही. मला बसून नियम करावे लागतील. पुढच्या रविवारी."

त्या आठवड्यात मी पार्टिशनच्या अलीकडे बसून तुम्हाला टाइप करताना ऐकत होतो. तुमचा हात कधी अडखळायचा नाही, पाऊस पत्र्यावर पडावा तसा सारखा चालायचा. त्या आठवड्यात तो थांबत होता. चार शब्द, मग शांतता. मग कागद ओढून काढल्याचा आवाज, चुरगाळल्याचा आवाज, नवा कागद. पुढे मी पुष्कळ लोकांना माझ्यासाठी कामं करताना पाहिलं, पण कोणीतरी आपल्याविषयी इतका वेळ विचार करतंय हे कानांनी ऐकण्याचा तो माझा पहिला प्रसंग.

ते पान आज माझ्यापुढे आहे. कार्बनची दुसरी प्रत, जांभळी झालेली. 'वर्ग पाचवा: राक्षस. एक, राक्षस प्रथम पातळीस वासराएवढा असेल व त्यास शिंगे नसतील. दोन, त्यास वेशीतून गावात प्रवेश नाही. तीन, त्याने कोणास ठार केल्यास त्याची एक पातळी उतरेल. चार, गावातील कोणीही आपणहून त्यास पाणी दिल्यास एक पातळी चढेल. मागून घेतलेले पाणी गणले जाणार नाही.'

"हा अन्याय आहे, सर," मी म्हणालो. "वीर मारून मोठा होतो."

"वीराला ती मुभा आहे. तुला नाही."

"काहून?"

"राक्षस तू मागितलास. मी दिला नाही."

पुढचं सगळं वर्ष त्या रविवारच्या दुपारींचं आहे माझ्या डोक्यात. बाकीचे दिवस कुठे गेले कोण जाणे. भारनियमन असायचं, पंखा बंद, तुम्ही खिडकीला ओलं पोतं बांधायचे. मशीन भिंतीला सरकवून मधल्या टेबलावर आम्ही बसायचो. साधा फासा आम्ही टाकायचो, पण जीव जाण्याचा प्रश्न आला की फासा तुमचा, आणि तो तुम्ही मशीनचं पत्र्याचं झाकण उभं करून त्याच्या आड टाकायचे. पडलेला आकडा आधी सांगायचे आणि मग रजिस्टरात लिहायचे. प्रत्येक फाशाची नोंद, हजेरीसारखी. मुलगी म्हणायची, "सर, ऑडिट येणार आहे का?"

मी एका गुराख्याची म्हैस विहिरीतून काढली. गुराखी तांब्या घेऊन आला, आणि मी उत्साहात बोललो, "हो, फार तहान लागलीय." तुम्ही पेन खाली ठेवलंत. "मागितलंस." मी भांडलो, नुसतं तहान लागली म्हणालो, द्या कुठे म्हणालो? "तेच ते." त्यानंतर मी तीन रविवार गावाबाहेर बसून एका शेताचा फुटलेला बांध घालत राहिलो. बाकीचे दोघं गुहांमधून सोनं काढत होते आणि मी दगडावर दगड ठेवत होतो. वीर वैतागला, "अबे, खेळ आहे का रोजगार हमी?" तिसऱ्या रविवारी तुम्ही एका बाईच्या आवाजात बोललात, डोक्यावरची घागर उतरवल्यासारखे हात करून, "घे बाप्पा, पी. पण आंगनात येऊ नको." माझे डोळे भरले होते. तुम्ही पाहिलं नाहीत असं दाखवलंत. दिवाळीपर्यंत आणखी एक पाणी मिळालं. तिसरी पातळी. शिंगांना कोंब आले होते.

आणि ती तेरवी! सात नंबरचा पहिला वीर एका पुलावरून पडून मेला. पोरगा इतका रुसला की जिना उतरायला लागला. तुम्ही म्हणालात, थांब, गेलेल्या माणसाचं आपल्याकडे काय करतात ते केल्याशिवाय नवा मिळणार नाही. आणि बरोबर तेराव्या दिवशी, वार शुक्रवार असूनही, तुम्ही क्लासला सुट्टी देऊन पुऱ्या, आलूची भाजी आणि बुंदी मागवलीत. खालचा खताचा दुकानदार वास घेत वर आला. चौघं गंभीर चेहऱ्याने पानांवर बसलेले पाहून त्याने टोपी काढली. "कोन गेलं, मास्तर?"

"आमचा वीर गेला," तुम्ही म्हणालात.

"अरेरे. वय?"

"तिसऱ्या पातळीचा होता," वीर घोगऱ्या आवाजात बोलला.

दुकानदाराने मान हलवली, बसला, बुंदी दोनदा घेतली आणि जाताना हात जोडून म्हणाला, "लेकरंबाळं?" मुलीने पदर तोंडात कोंबला. तुम्ही म्हणालात, "मागे एक भाऊ आहे." ते तुम्ही तेव्हाच सुचून बोललात की आधी ठरवलं होतं, मला माहीत नाही, पण वीराचा नवा वीर हा पहिल्याचा भाऊ झाला. गावातच राहिलेला, शेती करणारा, आता हत्यार उचललेला. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो त्या रविवारावर येतो. बरेच दिवस टाळलं, अजूनही हात मशीनसारखा चालत नाही.

त्या आठवड्यात बाबांनी वीराच्या घरचा पहिल्या वेच्याचा कापूस घेतला होता. तो जिना चढून आला तेच बूट आपटत. बसला नाही. म्हणाला, "सर, माहा वीर राक्षसाले मारते."

"कारण?"

"कारन कायले पाह्यजे? राक्षस हाये थो. घरी मोजलेला कापूस अन् याच्या बापाच्या काट्यावर मोजलेला कापूस, दोघांत एक गाठोडं कमी हाये. माय रडून राह्यली घरी." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत पाहून, "तू जातंस ना बे त्याच्यासंगं? तुले नाही दिसत?"

मला दिसत नव्हतं हे खरं होतं. मला ऐकू येत होतं. मुलगी घाईघाईने म्हणाली, "माझी मांत्रिक मधे पडते, सर. ती राक्षसाला पाणी देते!" तुम्ही तिच्याकडे न पाहता म्हणालात, "ती गावातली नाही. गणलं जाणार नाही." मग वीराला, "दहा किंवा वर पडलं तर राक्षस मरेल. ठरलं?" तो म्हणाला, "ठरलं."

तुम्ही झाकण उभं केलंत. फासा टाकलात. पत्र्याला लागून तो वाजला, मग लाकडावर गोल फिरू लागला. वीस तोंडांचा फासा थांबायला वेळ घेतो, शेवटी शेवटी तर लेकी-बाळींच्या सागरगोट्यांसारखा खुळखुळतो. तो खुळखुळत होता, सर, आणि तुम्ही म्हणालात, "चार. वार चुकला."

त्यानंतर तो थांबला. त्याचं थांबणं मी ऐकलं. तुम्ही आकडा आधी सांगितलात आणि फासा नंतर थांबला. बाकी दोघांना काही कळलं नाही. वीर तर स्वतःच्या श्वासापलीकडे काही ऐकत नव्हता. तुम्ही झाकण पाडलंत, फासा मुठीत घेतलात. वीर बूट आपटत खाली निघून गेला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चष्मा पुसत होतात.

मी घरी चालत गेलो, आणि वाटेत मला हेच खाऊ लागलं की त्या माणसाला एका आठवड्यात दोनदा कमी मोजून दिलं गेलं. एकदा माझ्या बापाने, एकदा माझ्यासाठी तुम्ही. दोन्ही वेळा मी एकटाच ऐकणारा, आणि दोन्ही वेळा गप्प.

दुसऱ्या वेच्याला बाबा पुन्हा त्या गावात निघाले तेव्हा मी आपणहून मॅटाडोरमध्ये बसलो. वीराच्याच अंगणात काटा टांगला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा, त्याची आई ओट्यावर. बाबांनी गाठोडं अडकवलं, आणि हसत त्याच्या आईला विचारलं, "पोरीच्या लग्नाचं कुठीसाक आलं मग, बाई?" आणि 'टिक्'.

"बाबा, कडी काढा," मी म्हणालो.

"कोन्ती कडी?"

मी हात वर केला, ती काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. नखाएवढी गोष्ट. माझ्या बाबांचा चेहरा मी विसरू शकत नाही, सर. राग नव्हता त्यावर. भर बाजारात धोतर सुटलेल्या माणसाचा होता. त्यांनी सगळी गाठोडी पुन्हा मोजली, सगळा कापूस भरला, आणि गाडी चालू करून मला म्हणाले, "तू येजो पायी. घरी नको येऊ, कुठी जायचं थे पाह्य."

मी गावातून निघालो. माणसं दारात येऊन पाहत होती. कोणी बस म्हटलं नाही, आणि का म्हणावं? ज्या पोराने इतकी वर्षं कडी ऐकून तोंड उघडलं नाही त्याला आज उघडलं म्हणून कोण ओवाळणार? वेशीजवळ बोअरिंग होतं. ऊन कडक, घसा कोरडा, आणि मी तिथं पाणी प्यालो नाही. आज हसू येतं. माझ्या डोक्यात होतं की आपलं आपण घेतलेलं गणलं जाणार नाही. हायवेपर्यंत तसाच चालत गेलो आणि जो पहिला माणूस भेटला त्याच्याकडे काम मागितलं. तो ट्रकचा मिस्त्री होता. तिथून पुढे माझं जे काही झालं ते झालं. बाबा दोन वर्षांनी गॅरेजवर येऊन गेले, मॅटाडोरचं क्लच दाखवायला. क्लचला काही झालं नव्हतं.

कडी काढली त्या आठवड्याच्या रविवारी वीर उशिरा आला. बसला नाही. भिंतीकडे पाहत म्हणाला, "थो राक्षस मेला का जित्ता हाये?"

"जिवंत आहे," तुम्ही म्हणालात. "चार पडला होता."

"मंग माह्या वीरानं त्याले पानी देल्लं. लिवून घ्या."

"तुझा वीर गावचा आहे?"

"गावचाच हाये. भाऊ नाही का त्याचा?"

"आपणहून दिलं?"

त्याने भिंतीवरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "आपनहून."

मी त्या दिवशी ठरवून आलो होतो, सर, की फाशाचं सांगून टाकायचं. तोंड उघडलंही होतं. पण पाणी आधी आलं आणि बोलणं मागे राहिलं. तुम्ही तिथल्या तिथे मशीन ओढून टाइप केलंत, तीही प्रत फाइलीत आहे: 'राक्षसाची पातळी चौथी करण्यात येत आहे. शिंगे पूर्ण वाढलेली आहेत. वेशीतून आत येण्यास हरकत नाही.' खाली सही आणि क्लासचा गोल शिक्का.

क्लास बंद झाला, तुम्ही यवतमाळला ताईंकडे गेलात, मुलगी नोकरी लागून गेली. तुमच्या तेरवीला आम्ही तिघं एका पंगतीत बसलो होतो. बुंदी वाढली तेव्हा वीर माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "सरची पातळी कितवी होती गा?" आणि मी ताटात पाहून असा काही हुंदका दिला की वाढणाऱ्याला वाटलं, मुलगाच असणार. तुमच्यानंतर इतकी वर्षं गेली, पण एखाद्या दुपारी लाइट जाते, सगळी मशिनरी एकदम थांबते, आणि मला वाटतं आता पार्टिशनच्या पलीकडून आवाज येईल, चार नंबर, पुढे काय करतोस? मी खरंच थांबतो. लाइट येते.

काल संध्याकाळी मी फाइलीतलं ते रजिस्टर उघडलं. मला इतकी वर्षं एकच विचारायचं होतं की खरा आकडा काय होता. तुम्ही नोंद ठेवणारे, तेव्हा ती असणारच. ओळ सापडली. पात्र, वीर. कृती, राक्षसावर वार. पडलेला आकडा, रिकामा. त्या आधीच्या सगळ्या ओळी भरलेल्या, नंतरच्या भरलेल्या, आणि तेवढा एक रकाना कोरा. तोंडाने खोटं बोललात, पण हाताने लिहिलं नाहीत. मला नेहमी वाटायचं तुम्ही मला वाचवलंत. काल तो कोरा रकाना पाहताना वाटलं की कदाचित तुम्ही त्याला वाचवलं असेल. त्या वर्षी गावागावांतून शेतकऱ्यांनी विष प्यायल्याच्या जशा बातम्या येत होत्या, त्यात तरण्या पोराला रविवारी कुठे जायला असणं ही लहान गोष्ट नव्हती. त्या दिवशी मला मारून तो गेला असता तर परत जिना चढला नसता. तुम्ही काय विचार केलात ते आता कोण सांगणार? मी तर ऐकणारा माणूस, आणि तुमचा आवाज बंद.

वीर यवतमाळला कोर्टात आहे, मोठा बाबू झालाय, पोट सुटलंय. गाडी सर्व्हिसिंगला माझ्याकडेच आणतो. येत्या रविवारी येणार आहे. आला की पहिलं काम, बाटली काढून मला पाणी देतो, न मागता, आणि म्हणतो, "घे बे राक्षसा." वीस वर्षांत एकदाही चुकला नाही. तेव्हा हा कागद मी घडी करून मशीनच्या झाकणाखाली ठेवतोय, आणि रजिस्टर घरी नेतोय, जिथे त्याच्या हाताला लागणार नाही. त्याला सांगायला हवं, सर, की त्याचा वार कदाचित लागला होता. सांगत नाही. मेलेल्या राक्षसाला दिलेलं पाणी गणलं जाणार नाही, आणि ती चौथी पातळी मला उतरू द्यायची नाही.